पहिलीपासून इंग्रजी, तरी दहावीत तोंड बंद का? वर्गात काय करता येईल, घरी काय करता येईल

नागपूर (ग्रामीण) : नरखेड असो, कुही असो की भिवापूर, आपल्या भागातल्या कोणत्याही हायस्कूलमधल्या नववी-दहावीच्या पोट्ट्याला 'माय नेम इज'च्या पुढचं एक वाक्य इंग्रजीत बोल म्हणा. तो आधी मित्राकडे पाहील, मग जमिनीकडे पाहील आणि हसून गप्प बसेल. तोच पोट्टा घरी मोटरचा स्टार्टर, फ्यूज, कपॅसिटर नावासकट ओळखतो. मोबाईलची सेटिंग इंग्रजीत असली तरी बापाला करून देतो. शब्द त्याच्याकडे आहेत, वाक्य मात्र नाही. असं का होतं आणि यावर वर्गात व घरी काय करता येईल, हे या लेखात सोप्या भाषेत सांगतो.

दहा वर्षं शिकून हाती काय?

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. म्हणजे आज दहावीत बसलेलं लेकरू दहा वर्षं हा विषय शिकलेलं असतं.

आता 'असर'चं सर्वेक्षण पाहा. २०२३ साली त्यांनी देशातल्या २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना वाचायला लावलं. साधी इंग्रजी वाक्यं ५७.३ टक्के मुलांनाच वाचता आली. ज्यांनी वाचली, त्यांच्यातल्याही साधारण चौथ्या हिश्श्याला त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला नाही. याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. या वयाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सरळ वाचता येत नाही. म्हणून इंग्रजीची चिंता करताना मराठी वाचनाकडे पाठ फिरवून चालत नाही. जे पोरगं मराठी परिच्छेदात अडखळतं, त्याचं इंग्रजीही तिथंच अडकतं.

आपल्या विभागाला याचा एक झटका बसून गेला आहे. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेकडचे असतात. २०१९ च्या परीक्षेत हे शाळेकडचे २० गुण काढले गेले आणि पेपर पूर्ण शंभराचा झाला. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि पेपरचा आराखडाही नवा होता, त्यामुळे सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकता येत नाही. पुढच्या वर्षी २० गुण परत आले, निकालही वर गेला. पण प्रश्न तसाच राहिला. तोंडी परीक्षेचे गुण मिळतात, तोंड उघडतं का?

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही. नर्सिंगचं पुस्तक इंग्रजीत, आयटीआयच्या मशीनवरची सूचना इंग्रजीत, बुटीबोरी एमआयडीसीत नोकरीचा अर्ज इंग्रजीत. दहावीनंतर सायन्स घेतलेलं खेड्यातलं लेकरू अकरावीत मागं पडतं, त्यात भाषेचा वाटा मोठा असतो. याच भीतीनं कितीतरी कास्तकार ऐपत नसताना लेकराला लांबच्या कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवतात. गावच्या मराठी शाळेत इंग्रजीचा तास चांगला झाला, तर यातला बराच खर्च वाचेल.

वाक्य अडतं कुठं?

पहिली अडचण वाक्याच्या बांधणीची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं : मी आंबा खातो. इंग्रजीत ते मधात येतं : आय ईट अ मँगो. मराठीत 'वर' मागून लागतो : झाडावर. इंग्रजीत 'ऑन' समोर येतो : ऑन द ट्री. म्हणून मराठी वाक्यातला एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवला की वाक्य उलटंपालटं होतं. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. दोन्ही भाषांची घडणच वेगळी आहे.

दुसरी गोष्ट. 'माझ्याकडे दोन बैल आहेत', 'मला एक बहीण आहे', 'मला ताप आहे'. मराठीत तिन्ही वाक्यांत 'आहे' दिसतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय हॅव' येतं. ही एकच किल्ली नीट समजावली तर पोरगं त्याच तासात स्वतःबद्दल दहा वाक्यं बोलू शकतं.

तिसरी अडचण स्पेलिंगची. आपण बहुतेक जसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, म्हणून एकेका अक्षराला दोन-तीन कामं करावी लागतात. सी-यू-टी कट, पण पी-यू-टी पुट. यामागं इतिहास आहे. इंग्लंडात १४७६ साली छापखाना आला आणि पुढं शब्दांची स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. 'नाइफ' शब्दातला सुरुवातीचा 'के' एके काळी खरंच उच्चारला जायचा. हे मुलांना सांगितलं की 'मला येत नाही' या भावनेतून ती थोडी बाहेर येतात. घोळ भाषेतच आहे, हे त्यांना कळतं.

तेरा ते सोळाचं वय

चौथीतलं लेकरू इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतं. तेच आठवीत गेलं की गप्प होतं. या वयात सगळ्यात मोठी भीती चुकण्याची नसते, मित्रांसमोर हसं होण्याची असते. मुलींना ती जास्त असते. एकदा कुणी 'मोठी इंग्रजीवाली' म्हटलं की ती मुलगी वर्षभर हात वर करत नाही.

म्हणून या वयाच्या मुलांना शिकवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, चूक झाली तरी इज्जत जाणार नाही अशी सोय. दोन, बोलायला असा विषय, ज्यात पोरगं स्वतः हुशार आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी २०२० साली देशभर गेली होती. तिथली मुलं चक्क जपानी भाषा शिकत होती. कोणती परदेशी भाषा शिकायची, हे मुलांनाच विचारलं होतं. त्यांना रोबोटचं वेड, म्हणून त्यांनी जपानी निवडली. निवड त्यांची होती आणि आवडही त्यांची होती, त्यामुळे परकी भाषा ओझं वाटली नाही. आपल्या पोट्ट्यांची आवड कशात आहे, हे पाहूनच इंग्रजीचा तास आखला पाहिजे.

वर्गात करता येण्यासारखे सात प्रयोग

यातल्या बहुतेक गोष्टींना प्रोजेक्टर लागत नाही, वीज लागत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातही होतात.

१. उभं वाक्य. तीन मुलांच्या हातात तीन पाट्या द्या : आय, मँगो, ईट. आधी मराठीच्या क्रमानं उभं करा. मग 'ईट'वाल्या पोराला मधात जायला सांगा. वर्ग मोठ्यानं वाचेल. पुढं 'ऑन', 'अंडर', 'इन' या पाट्या आणा आणि त्यांना नावाच्या समोर उभं करा. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून जितका समजतो, त्यापेक्षा पायानं चालून जास्त लक्षात राहतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

२. गावातल्या शब्दांची भिंत. मुलांना एक दिवस फक्त शब्द गोळा करायला लावा. वावरात, दुकानात, दवाखान्यात, एसटी स्टँडवर जे इंग्रजी शब्द रोज बोलतो ते लिहून आणा : ड्रिप, स्प्रिंकलर, रोटाव्हेटर, थ्रेशर, सलाईन, रिचार्ज, कंडक्टर. वर्गात पन्नास-साठ शब्द सहज जमतील. ते स्पेलिंगसह भिंतीवर लावा आणि रोज दोन शब्दांची वाक्यं करा.

याच भिंतीवर उलटा रकानाही ठेवा : आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मराठी मुंगसावरूनच गेला. 'जंगल', 'लूट', 'पजामा', 'शाम्पू' हे इकडूनच तिकडे गेले. आणि आपल्या नागपुरी संत्र्याचं इंग्रजी नाव 'ऑरेंज' पाहा. संस्कृत 'नारंग', फारसीतून अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांजा', फ्रेंचमधून 'ओरांज' आणि मग इंग्रजी 'ऑरेंज'. काटोल-नरखेडच्या बगीच्यातल्या पोराला हे सांगा. इंग्रजी ही फक्त साहेबाची भाषा नाही, तिच्यात आपलाही माल आहे, हे त्याला पटेल.

३. औषधाच्या लेबलचा तास. हा तास सगळ्यात गरजेचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. पण लेबल वाचता येणं हा बचावाचा पहिला टप्पा आहे, आणि पऱ्हाटी पिकवणाऱ्या प्रत्येक घरात ते वाचू शकणारं माणूस बहुतेक वेळा हायस्कूलमधलं लेकरूच असतं.

शिक्षकांनी कीटकनाशकाच्या लेबलचा फोटो किंवा फळ्यावर काढलेलं चित्र वापरावं. रिकामी बाटली किंवा डबा शाळेत अजिबात आणू देऊ नये, त्यात विष राहिलेलं असतं. नियमाप्रमाणे लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानानं कमी. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन' असा शब्द येतो. मुलांचे गट करा आणि चार गोष्टी शोधायला लावा : रंग कोणता, सावधानतेचा शब्द कोणता, एक्स्पायरी डेट काय, आणि 'अँटिडोट' म्हणजे उतारा कोणता लिहिला आहे. मग प्रत्येक गटानं एक-एक सूचना इंग्रजीत बोलायची : वेअर ग्लव्ह्ज. डू नॉट ईट. वॉश युवर हँड्स. आज्ञार्थी वाक्यं यापेक्षा चांगली कुठं शिकवता येतील? गृहपाठ एकच : घरी जाऊन हे मराठीत समजावून सांगा. विषबाधा झाली तर लेबल किंवा त्याचा फोटो डॉक्टरकडे घेऊन जा, हेही मुलांना याच तासात सांगता येतं.

४. धावतं श्रुतलेखन. व्हरांड्याच्या खांबावर सात-आठ ओळींचा सोपा उतारा चिकटवा. मुलांच्या जोड्या करा. एक जण पळत जाऊन एक वाक्य वाचेल, डोक्यात ठेवेल, परत येऊन जोडीदाराला सांगेल. जोडीदार लिहील. अर्ध्यात अदलाबदल. जी जोडी कमी चुकांनी संपवेल ती जिंकली. वाचणं, लक्षात ठेवणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं, सगळं एकाच खेळात होतं. वर्गात गोंधळ होईल, त्यामुळे मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिलेली बरी. उतारा पुस्तकातलाच घेतला तर अभ्यासही होतो.

५. कॉमेंट्री. विदर्भाच्या संघानं तीन वेळा रणजी करंडक जिंकला : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तिसरा तर आपल्या जामठ्याच्याच मैदानावर, केरळविरुद्ध. मैदानावर मुलं खेळत असताना दोघांनी कॉमेंट्री करायची. 'ही रन्स, ही थ्रोज, ही कॅचेस द बॉल'. हा वर्तमानकाळ झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मॅच बातमीसारखी लिहायची : 'ही रॅन, ही थ्र्यू, ही कॉट द बॉल'. झाला भूतकाळ. ज्यांना क्रिकेट नको त्यांनी कबड्डी घ्यावी. घोकून पाठ न होणारी क्रियापदाची रूपं खेळातून पक्की होतात.

६. गाईड आणि पर्यटक. रामटेक आणि पारशिवनी भागातल्या शाळांना हा प्रयोग जवळचा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर देशातले आणि परदेशातले पर्यटक येतात. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. रात्री काळंभोर आकाश आणि तारे पाहायला लोक इथं येतात. वर्गात अर्धी मुलं पर्यटक, अर्धी गाईड. पर्यटकानं विचारायचं : व्हॉट इज दिस ट्री? व्हेन डू टायगर्स ड्रिंक वॉटर? गाईडनं उत्तर द्यायचं. कालिदासाच्या मेघदूताशी जोडलेल्या रामटेकच्या टेकडीवरही असा तास होईल. उमरेडची मुलं कोळसा खाण दाखवतील, काटोलची संत्र्याचा बगीचा, भिवापूरची मिरची. इथं माहिती पोराकडे असते आणि पाहुण्याला ती नसते. त्यामुळे इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी ते पोरगं मान वर करून बोलतं. वर्षभरात हाच एक प्रयोग केला तरी वर्गात फरक दिसेल.

७. दोन खऱ्या, एक थाप. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी आणि एक खोटं. 'आय कॅन ड्राइव्ह अ ट्रॅक्टर. आय हॅव सीन अ टायगर. आय हॅव फाइव्ह सिस्टर्स.' बाकीच्यांनी प्रश्न विचारून थाप पकडायची : व्हेअर? व्हेन? हाऊ बिग? आपली मुलं वर्षानुवर्षं फक्त उत्तरं लिहितात, प्रश्न विचारायला त्यांना कुणी लावत नाही. इथं प्रश्न आपोआप सुटतात.

चूक कशी धरायची?

प्रयोग कितीही चांगला असो, चुकीवर वर्ग हसला तर सगळं पाण्यात. समजा पोरगं म्हणालं, 'यस्टरडे आय गो मार्केट'. त्याला मधात थांबवून 'चूक!' म्हटलं तर ते पुढं बोलणार नाही. त्याऐवजी शिक्षकांनी म्हणावं, 'ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?' बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं, अपमान झाला नाही आणि गोष्ट पुढं गेली.

दुसरा उपाय म्हणजे एका दिवशी एकच चूक धरायची. आज फक्त भूतकाळ, बाकी सगळं माफ. लाल पेनानं भरलेलं पान पाहून कुणाचं इंग्रजी सुधारत नाही.

बोर्डाच्या पेपराचं काय?

'हे खेळ ठीक आहेत, पण पोर्शन कोण संपवेल?' हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यात इतर कामं. पण दहावीच्या पेपरात काय येतं ते पाहा. पुस्तकाबाहेरचा उतारा येतो. पत्र येतं. संवाद किंवा मुलाखत येते. माहितीचा तक्ता पाहून लिहायचं असतं. भाषांतराचा प्रश्न येतो. यातलं काहीच फक्त गाईड पाठ करून सुटत नाही. लेबलचा तास हा न पाहिलेल्या मजकुराचा सराव आहे. गाईड-पर्यटक हा संवादाचा सराव आहे. पेपरात इंग्रजी म्हणीचं मराठी करायला येतं. त्याच्या सरावाला आजीच्या तोंडची एक वऱ्हाडी म्हण घेऊन तिचा अर्थ सोप्या इंग्रजीत सांगायला लावा. आठवड्यातला एक तास असा गेला तरी पोर्शन मागं पडत नाही, उलट पुढं सोपा जातो.

शिक्षकांनाही आधार लागतो. मराठी शाळेतून शिकलेल्या कितीतरी शिक्षकांना स्वतः इंग्रजी बोलायचा संकोच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. राज्यात यासाठी 'तेजस' उपक्रम झाला. २०१६ पासून शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी नऊ जिल्ह्यांत तो राबवला. माध्यमिकच्या इंग्रजी शिक्षकांसाठी 'चेस' नावाचा उपक्रम आला. दोन्हींचा गाभा सारखाच होता : जवळपासच्या शिक्षकांनी ठराविक दिवशी एकत्र बसायचं, इंग्रजीत बोलायचं आणि वर्गात काय जमलं ते एकमेकांना सांगायचं. अशी बैठक भरवायला मोठा निधी लागत नाही. एका केंद्रातल्या चार-पाच शिक्षकांनी ठरवलं तरी होते.

घरी काय करायचं? आईबापाला इंग्रजी येत नसलं तरी

आईबापाचं काम शिकवायचं नाही, बोलायला जागा करून द्यायचं आहे.

- रोज पाच मिनिटं लेकराला 'आज वर्गात काय झालं ते इंग्रजीत सांग' म्हणा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. मग म्हणा, 'आता मराठीत समजाव.' दोन्ही भाषांचा सराव होतो.
- खताची गोणी, औषधाचा डबा, बँकेचा मेसेज, वीजबिल लेकराला वाचायला द्या. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही, हेही त्याच वेळी शिकवा.
- मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं. भाषा इंग्रजी ठेवून लेकराला एक वाक्य बोलायला सांगा. फोननं बरोबर लिहिलं तर उच्चार कळण्यासारखा आहे. कधीकधी फोनच चुकतो, त्यामुळे दोन-तीनदा करून पाहा.
- पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' अॅपनं स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तकात क्यूआर कोड वापरण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे गुरुजी रणजितसिंह डिसले यांनी पुढं आणली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.
- शिक्षक तयार असतील तर लेकरानं आठवड्यातून एकदा तीस सेकंदांचा इंग्रजी व्हॉइस मेसेज फक्त त्यांनाच पाठवावा. ग्रुपवर टाकू नये. ज्याला वर्गात लाज वाटते, ते लेकरू असं बोलतं.

शेवटच्या उपायात एक खबरदारी हवी. 'असर'च्या त्याच सर्वेक्षणात फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींमध्ये फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे घरातला फोन दिवसभर भावाच्या हातात असतो. संध्याकाळची पंधरा मिनिटं फोन मुलीच्या हातात द्यायची, एवढा नियम बापानं केला तरी खूप झालं. आणि ज्या घरात फोनच नाही त्या मुलांसाठी शिक्षकांनी वर्गातच जोड्या लावाव्यात. अशा गोष्टींना गुण ठेवू नयेत.

सुरुवात कुठून?

आठवीपर्यंतच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. नववी-दहावीसाठी पालक-शिक्षक संघ असतो. बहुतेक बैठकांत शौचालय, पोषण आहार आणि कंपाउंडचा विषय होतो. ते हवंच. पुढच्या बैठकीत एक विषय जास्तीचा मांडा : आठवड्यातून एक तास इंग्रजी बोलण्याचा, आणि त्या तासात कुणी कुणाला हसायचं नाही.

शिक्षकांना हिशोब विचारायला जाऊ नका, मदत विचारायला जा. लेबलचे फोटो तुम्ही देऊ शकता. बगीच्यात वर्ग भरवायला तुमचा धुरा मोकळा असतो. रोटाव्हेटर कसा चालतो हे मुलांना मराठीत तुम्ही सांगा, ते इंग्रजीत मुलं सांगतील. तुमच्या शाळेत असा एखादा प्रयोग झाला असेल तर आम्हाला नक्की कळवा. शिक्षकांची आणि पालकांची परवानगी घेऊन तो बाकीच्या तालुक्यांपर्यंत पोहोचवू.